सफरचंद : आजाऱ्याच्या उशाशी आणि लठ्ठाच्या ताटात

"सिस्टर, रोज सफरचंद खाल्ले तर वजन उतरते म्हणतात, ते खरे काय?" नोकरीतून निवृत्त झाले तरी या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. लग्नघरी, मलिद्याला, शब्बाथच्या दिवशी प्रार्थनामंदिराबाहेर, कोणी ना कोणी भगिनी मला बाजूला घेऊन हळूच विचारतेच. (मुंबईत नर्सला सिस्टर म्हणत, इथे 'आखोत' म्हणतात, अर्थ एकच, बहीण. म्हणून विचारायला कोणाला संकोच वाटत नसावा.) या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. सफरचंदाबद्दलची ही समजूत आली कोठून, वाटेत तिच्यात काय काय मिसळले आणि त्यातले तपासणीला किती टिकले, हे पाहिल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. म्हणून हा लेख.

आमच्या पिढीला मुंबईतले सफरचंद आठवत असेल. घरात रोजचे फळ म्हणजे केळे, हंगामात पेरू आणि आंबा. सफरचंद महाग. ते घरात आले की समजावे, कोणी तरी अंथरुणाला खिळले आहे. इस्पितळात भेटायला जाणाऱ्याच्या पिशवीत अर्धा डझन मोसंबी आणि चार सफरचंदे असायचीच. टायफॉइडमधून उठलेल्या मुलाला, क्षयाच्या रोग्याला, बाळंतिणीला सफरचंदाच्या फोडी द्यायच्या, कशासाठी? तर अंगात रक्त भरावे, गालावर थोडे मांस चढावे म्हणून. बारीक होण्यासाठी सफरचंद खाणारा माणूस मी मुंबईत पाहिला नाही. आज त्याच घरांतल्या लेकीसुना इस्राएलमध्ये वजनकाट्यावरून उतरल्या की त्याच फळाकडून अगदी उलट कामाची अपेक्षा धरतात. फळ तेच आहे. शंभर ग्रॅम सफरचंदात सुमारे ८५ ग्रॅम पाणी, दहा ग्रॅमच्या आसपास साखर, अडीच ग्रॅमच्या जवळपास चोथा आणि ५२ कॅलरी. रक्त वाढवण्याजोगे लोह त्यात नावालाच. म्हणजे आपल्या आई-मावशांची समजूतही तपासणीला टिकली नसती. पण त्यामागची माया खरी होती.

सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियात, तिएन शान पर्वताच्या उतारावर. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९२९ साली कझाकस्तानातील आल्मा-आता येथे गेले, तेव्हा शहराभोवती त्यांना रानटी सफरचंदांची जंगले दिसली. गावाच्या नावातच 'आल्मा' म्हणजे सफरचंद. पुढे जनुकांच्या तपासणीनेही हेच मूळस्थान पक्के ठरले. तेथून व्यापाऱ्यांच्या मार्गाने ते पश्चिमेस गेले. एदेनच्या बागेत मात्र त्याला आपण उगाच गोवतो. तोरामध्ये त्या झाडाचे नाव नाही, आणि आपल्या शास्त्र्यांनी तालमुदात द्राक्ष, अंजीर व गहू अशी तीन मते मांडली आहेत. सफरचंद तेथे युरोपातल्या चित्रकारांनी टांगले. इब्री भाषेत तर 'तापुआख' हा शब्द इतका उदार आहे की जमिनीतले सफरचंद म्हणजे बटाटा आणि सोनेरी सफरचंद म्हणजे संत्रे. पण बटाट्याची भाजी खाऊन कोणी 'मी आज तापुआख खाल्ले' असे म्हणू लागला, तर काटा ते मानणार नाही!

कोकणातल्या आपल्या शनिवार तेली पूर्वजांनी हे फळ पाहिलेही नसावे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात पुरेसे तास थंडी मिळाली तरच ते नीट फुलते. नारळ-आंब्याच्या दमट किनाऱ्यावर त्याचे काय चालणार? मुंबईच्या बाजारात ते आले काश्मीरकडून आणि नंतर हिमाचलकडून. हिमाचलच्या सफरचंदाची कथा आम्हा नर्स मंडळींना जवळची वाटावी अशी आहे. सॅम्युएल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाचा एक तरुण १९०४ साली हिंदुस्थानात आला तो सबाथू येथील महारोग्यांच्या आश्रमात सेवा करण्यासाठी. पुढे तो शिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाला, तेथल्याच मुलीशी लग्न केले, आणि १९१६ साली अमेरिकेतून रेड डेलिशस जातीची रोपे आणून लावली. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याला त्यातून हाती पैसा आला. इस्राएलमध्येही उष्णतेची अडचण होतीच. गोलान आणि उत्तर गॅलिलीच्या उंच भागात थंडी मिळते, इतरत्र नाही. त्यावर एन शेमेर किबुत्सच्या अब्बा स्टाइन यांनी तोड काढली. त्यांनी थोड्या थंडीवर फळणारी 'आना' ही जात तयार केली, आणि ती पुढे जगातल्या कित्येक उष्ण देशांत गेली.

आता वैद्यकाकडे वळू. 'रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला दूर ठेव' ही इंग्रजी म्हण आपण शाळेत पाठ केली. ती कोणा वैद्याची नाही. १८६६ साली वेल्समधील पेम्ब्रोकशायर भागाची एक म्हण छापली गेली, तिचा आशय असा की निजताना सफरचंद खाल्ले तर डॉक्टरची भाकरी बुडते. अमेरिकेत त्या काळी सफरचंद खाण्यापेक्षा पिण्याची वस्तू होती. त्याची सायडर नावाची दारू घरोघरी होई. दारूबंदीच्या चळवळीने सायडरला दोष लागला, तेव्हा बागायतदारांना आपले फळ आरोग्याचे म्हणून खपवणे सोयीचे झाले. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात मिसुरी राज्याचे फळतज्ज्ञ जे. टी. स्टिन्सन यांनी ही म्हण व्याख्यानातून पुष्कळ फिरवली. म्हण सांगणारा डॉक्टर नव्हता, फळे पिकवणाऱ्यांचा माणूस होता, एवढे लक्षात ठेवावे. गंमत म्हणजे १११ वर्षांनी, २०१५ साली, मिशिगन विद्यापीठाच्या नर्सिंग विद्यालयातील एका संशोधकाने व त्याच्या सोबत्यांनी ही म्हण खरोखरच तपासली. ८,३९९ प्रौढांपैकी ७५३ जण रोज सफरचंद खाणारे निघाले. वय, शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात घेतल्यावर डॉक्टरकडे जाण्यात त्यांचा इतरांपेक्षा काही खास फरक दिसला नाही. औषधांच्या चिठ्ठ्या मात्र त्यांना किंचित कमी लागत होत्या.

सफरचंदाला खरोखर औषध म्हणून इस्पितळात आणले ते जर्मन डॉक्टरांनी, आणि या डॉक्टराचे नाव प्रत्येक नर्सच्या तोंडी असते, फक्त वेगळ्या कारणाने. नवजात मूल दचकले की दोन्ही हात फाकवते आणि मग मिठी मारल्यासारखे जवळ आणते, त्याला आपण मोरो रिफ्लेक्स म्हणतो. तोच हा एर्न्स्ट मोरो, हायडेलबर्गचा बालरोगतज्ज्ञ. त्या काळी हगवणीने तान्ही मुले पटापट दगावत. मोरोने १९०८ साली गाजराचे सूप देऊन पाहिले होते. पुढे ब्लॅक फॉरेस्टमधील ऑगस्ट हाइस्लर नावाच्या खेड्यातल्या डॉक्टराच्या अनुभवावरून त्याने १९२९ साली 'दोन दिवसांचे सफरचंदाचे पथ्य' प्रसिद्ध केले. कच्चे, पिकलेले सफरचंद किसायचे, दोन दिवस मुलाला तेच द्यायचे, नंतर हळूहळू साध्या अन्नावर आणायचे. पुष्कळ मुलांचे जुलाब घट्ट होत. सफरचंदात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो पाणी धरून ठेवतो, हे त्याचे कारण. (आज जुलाबात पहिला उपाय मीठ-साखरेचे पाणी, हे आजीबाईंनी विसरू नये. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्यावर हजारो जीव वाचवले. नुसत्या सफरचंदाने अंगातले गेलेले पाणी भरून येत नाही.)

मोरोची पुढची हकिगत आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी. त्याची पत्नी यहुदी होती. नाझी राजवटीत १९३६ साली त्याने पद सोडले. ज्या विद्यापीठात त्याने पंचवीस वर्षे मुलांची सेवा केली, तेथे त्याला थारा उरला नाही. इस्राएलमध्ये बाळाला पहिले घन अन्न म्हणून किसलेले सफरचंद चाटवणाऱ्या आया मी हजारो पाहिल्या. मोरोचे नाव त्यांतल्या एकीलाही ठाऊक नसेल.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये झुरिकचे डॉ. बिर्खर-बेनर आपल्या आरोग्यधामात रोग्यांना साली-बियांसकट किसलेले सफरचंद, थोडे भिजवलेले ओट, लिंबू, आटवलेले डब्याचे दूध आणि कुटलेले बदाम-अक्रोड देत. आज आपली नातवंडे पाकिटातून 'म्युस्ली' म्हणून जे खातात, ते याचे बदललेले रूप. मूळ पदार्थात सफरचंद मुख्य होते, धान्य चमचाभर. पाकिटात धान्य आणि साखर मुख्य झाली आणि सफरचंद सुकून कोपऱ्यात गेले. व्यापाराच्या हाती पथ्य गेले की असे होते.

इथपर्यंत कोणी सफरचंदाला लठ्ठपणाशी जोडलेले दिसत नाही. ते काम कॅलरीच्या हिशेबाने केले. १९१८ साली अमेरिकेतील डॉ. लूलू हंट पीटर्स या बाईंनी सामान्य वाचकांसाठी कॅलरी मोजून जेवण्याचे पुस्तक लिहिले, ते लाखोंनी खपले. आकार मोठा आणि कॅलरी थोडी, असे फळ त्या हिशेबात आपोआप शहाणे ठरले. मग निघाले निव्वळ सफरचंदावर तीन दिवस राहायचे, पाच दिवस राहायचे वगैरे प्रकार. मोरोचे दोन दिवस आजारी मुलासाठी होते आणि पुढे अन्न चालू करण्यासाठी होते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही. असे पथ्य करून चक्कर आलेल्या बायका मी दवाखान्यात खाटेवर निजवल्या आहेत. तीन दिवसांत दोन किलो उतरतात खरे, पण त्यातले पुष्कळसे पाणी असते आणि ते पुढच्या आठवड्यात परत येते.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९७७ सालचा ब्रिस्टलचा प्रयोग. डॉ. केनेथ हीटन हे तेथले पोटाच्या विकारांचे डॉक्टर. शौचाच्या सात प्रकारांचा जो तक्ता आज प्रत्येक वॉर्डात टांगलेला असतो, तोही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसे घेतली. एकदा त्यांना अख्खी सफरचंदे दिली, एकदा त्याच सफरचंदांचा लगदा, एकदा चोथा काढलेला रस. तिन्ही वेळा साखर-पिठूळ अंश सारखाच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पटीने लवकर संपला, लगद्यापेक्षा चौपटीने. मग त्यांनी तिन्ही सारख्याच वेळात घ्यायला लावले. तरीही रसाने पोट भरल्याचे समाधान सर्वांत कमी, लगद्याने त्याहून बरे, आणि अख्ख्या फळाने सर्वांत अधिक. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच चढली. पण रसानंतर ती झपकन खाली घसरली, लगद्यानंतर थोडी घसरली, अख्ख्या फळानंतर घसरली नाही. रस आणि लगदा घेतल्यावर इन्शुलिनही जास्त चढले. साखर अशी खाली आली की माणसाला पुन्हा भूक लागते, हे डायबेटीसच्या रोग्यांबरोबर आयुष्य काढलेल्या नर्सला वेगळे सांगावे लागत नाही. एकच फळ, तीच साखर. फरक फक्त दातांनी काम केले की यंत्राने, एवढाच.

पुढे इतरांनी वजनाचाही काटा लावला. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो येथे वजन जास्त असलेल्या बायकांना रोज तीन वेळा सफरचंद, किंवा पेअर, किंवा ओटची बिस्किटे दिली. हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी फळे खाणाऱ्यांचे वजन सरासरी १.२२ किलो उतरले. बिस्किटे खाणाऱ्यांचेही थोडे उतरले, पण ते खात्रीने सांगण्याइतके नव्हते. २००९ साली पेनसिल्व्हेनियात ५८ जणांना दुपारच्या जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी दिल्या, तेव्हा त्या फोडींच्या कॅलरी धरूनही एकूण जेवण १५ टक्क्यांनी घटले. त्याच सफरचंदाचा गर किंवा रस देऊन तेवढा परिणाम झाला नाही.

आता आम्हा नर्सांच्या अभिमानाची गोष्ट. १९७६ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी सुरू झाली, तिच्यात १,२१,७०० नर्सांनी आपली नावे दिली. ड्यूटी सांभाळून दर दोन वर्षांनी त्या प्रश्नपत्रिका भरून पाठवीत. पुढे तरुण नर्सांची दुसरी तुकडी आणि पुरुष आरोग्य-कर्मचाऱ्यांची तिसरी तिला जोडली गेली. या तिन्हींतील १,३३,४६८ स्त्री-पुरुषांची चोवीस वर्षांची माहिती २०१५ साली प्रसिद्ध झाली. रोजच्या खाण्यात सफरचंद किंवा पेअर एका वेळचे वाढवणाऱ्यांचे वजन दर चार वर्षांत सुमारे अर्ध्या किलोने कमी राहिले. अर्धा किलो, तोही चार वर्षांत! ज्या भगिनी मला महिन्याचा हिशेब विचारतात, त्यांना हा आकडा ऐकून वाईट वाटते. पण चाळिशीनंतर माणसाचे वजन दरवर्षी थोडे थोडे चढतच असते, तेथे हा थोडासा लगामही मोलाचा. शिवाय सफरचंद खाणारा माणूस इतर बाबतींतही बहुधा काळजी घेणारा असतो, म्हणून सगळे श्रेय फळाला देता येत नाही, हे संशोधकांनाही ठाऊक आहे. याच मंडळींच्या माहितीवरून २०१३ साली असेही दिसले होते की आठवड्यातून तीन वेळा सफरचंद वा पेअर खाणाऱ्यांत डायबेटीसचा धोका ७ टक्क्यांनी कमी आणि तितक्याच वेळा फळांचा रस पिणाऱ्यांत ८ टक्क्यांनी जास्त.

रसाचा हा आकडा मी मुद्दाम अधोरेखित करते. आपल्या घरांत पाहुणा आला की रसाची बाटली उघडते, नातवंडाच्या दप्तरात रसाचा डबा जातो, आणि आजी समाधानाने म्हणते, "सफरचंदाचाच आहे." १९६१ साली जेरुसलेमच्या डॉ. ए. एम. कोहेन यांनी तेमान, म्हणजे येमेनहून आलेल्या आपल्या बांधवांविषयी लिहिले, ते आपणा सर्व स्थलांतरितांना लागू पडते. नव्याने आलेल्यांत डायबेटीस जवळजवळ नव्हताच. पंचवीस वर्षे वा अधिक काळ या देशात राहिलेल्यांत तो कितीतरी जास्त होता. गावाकडे त्यांच्या खाण्यात साखर फार थोडी असे, इथे ती रोजची झाली. डॉक्टरांनी बोट ठेवले ते मुख्यतः साखरेवर. कोकणातून नाचणी-तांदळाची भाकरी, मासळी आणि चालणे घेऊन आलेल्या घरांत पुढे काय झाले, ते मी कुपत होलिमच्या टेबलामागे बसून पाहिले आहे. आजोबा आले तेव्हा सडपातळ, मुलगा पन्नाशीत गोळ्यांवर, नातू तिशीत.

सफरचंदाच्या शिरक्याविषयी दोन शब्द, कारण हल्ली त्याची बाटली प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. अमेरिकेतील व्हरमाँटचे डॉ. जार्विस यांच्या १९५८ सालच्या पुस्तकाने शिरका आणि मध यांचे वेड घरोघर पोहोचवले. २०२४ साली लेबनॉनमधील १२० तरुणांवरचा एक प्रयोग एका नामांकित वैद्यकीय प्रकाशनात आला. रोज थोडा शिरका घेऊन १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरले, असा त्यात दावा होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे आकडेवारी तपासली तेव्हा ती भरवशाची नाही असे ठरले आणि २०२५ साली प्रकाशकांनी तो लेख मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी बाटलीवर छापत नाहीत. कोरा शिरका पिऊन दातांची आणि घशाची आग करून घेऊ नये.

तर विचारणाऱ्या भगिनींना मी सांगते ते असे. सफरचंद चरबी वितळवत नाही. जेवणाआधी पंधरा मिनिटे एक अख्खे, सालीसकट, सावकाश चावून खावे. मग ताटात भात आपोआप एक डाव कमी येतो. जेवून झाल्यावर वरून खाल्ले तर ते नव्वद-शंभर कॅलरींची भर टाकते, दुसरे काही नाही. चहाबरोबरच्या बिस्किटांच्या जागी खाल्ले तर फायदा आहे, बिस्किटांबरोबर खाल्ले तर नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी सफरचंदासाठी जेवण चुकवू नये. दोन सफरचंदे एका वेळी खायची असतील तर आधी आपल्या डॉक्टरला किंवा आखोतला विचारावे. आणि ज्यांना दात उरले नाहीत त्यांनी रसाच्या यंत्राकडे जाऊ नये. साधी किसणी घ्यावी, फळ धुऊन सालीसकट किसावे, आणि काळे पडायच्या आत चमच्याने खाऊन टाकावे.